करमरकरांचे शिल्प : ब्राँझ आणि सिमेंट

विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) ह्यांचे नाव निघताच पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा आठवतो. १९२८ साली अनावरण झालेल्या ह्या कृतीने त्यांना कीर्ती दिली; परंतु त्यांच्याविषयीच्या विवेचनाची मर्यादाही तिनेच आखून दिली. भव्यता, हुबेहूबपणा आणि ओतकामातील कौशल्य ह्यांपलीकडे ते विवेचन सहसा जात नाही.

ह्या स्मारकाचा पूर्वेतिहास बोलका आहे. त्याची कोनशिला १९२१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजांनी बसविली. त्याच वर्षी पुण्याच्या पश्चिमेस, मुळशीच्या खोऱ्यात, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला होता. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला. अखेर जमिनी पाण्याखाली गेल्या. शहरात शिवाजीचे स्मारक उभे राहत असता शिवाजीच्या मावळातील शेतकरी विस्थापित होत होता. हा विरोध शिल्पकाराच्या हेतूत शोधणे अन्यायाचे होईल. तथापि राजमान्य स्मारकशिल्पाच्या कक्षेत कोण येतो आणि कोण येत नाही, हा प्रश्न त्यातून उद्भवतोच.

करमरकरांपुरते ह्या प्रश्नाचे उत्तर सासवणे येथे मिळते. अलिबागनजीकच्या ह्याच गावी, देवळाच्या भिंतीवरील त्यांचे शिवाजीचे चित्र पाहून ऑटो रॉथफील्ड ह्या कलेक्टराने त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली होती. येथील शिल्पांत कोळीण आहे, म्हैस आहे, कष्टकरी माणसे आहेत. आणि त्यांतील पुष्कळशी सिमेंटची आहेत. सिमेंटला भट्टी लागत नाही, धनिक आश्रयदाताही लागत नाही. ब्राँझची झळाळी त्यास नाही. म्हणून पृष्ठभागाच्या मोहकतेवर विसंबता येत नाही, घडण आणि तोल ह्यांवरच आकृती उभी करावी लागते. म्हशीचा संथ भारदस्तपणा ह्या करड्या, खरखरीत द्रव्यात जसा उतरला आहे, तसा तो चकचकीत धातूत उतरता असे वाटत नाही.

वास्तववादी परंपरेतील म्हणून करमरकरांना मागे टाकणारी आधुनिक टीका येथे अपुरी पडते. त्यांनी रूपाची मोडतोड केली नाही हे खरे; पण शिल्पाचा विषय कोण आणि त्याचे द्रव्य कोणते, ह्या दोन्ही बाबतींत रूढ संकेत त्यांनी शांतपणे बदलले. त्यांचे मूल्यमापन व्हावयाचे तर पुण्याचा पुतळा आणि सासवण्याचे अंगण ही दोन्ही एकत्र पाहिली पाहिजेत.