सोंवळें आणि हसूं

मनाचें स्वास्थ्य कसें राखावें, हें शिकविणाऱ्या पुस्तकांना अलीकडे सुकाळ आला आहे. त्यांतील उपदेश खोटा असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ‘चिंता करूं नका’ असें सांगितल्यानें कोणाची चिंता गेल्याचें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून या विषयावर वाचकांस आम्ही अशा एका पुस्तकाची शिफारस करतों कीं, ज्यांत उपदेश मुळींच नाहीं. तें पुस्तक म्हणजे १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेलीं लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’.

पुस्तकाचा आरंभच एका बिघडलेल्या मनाच्या हकीकतीनें होतो. १८५७ च्या धामधुमींत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फांशी झाली. त्या प्रसंगाचा धसका त्यांच्या जांवयानें, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांनीं घेतला, आणि त्यांच्या मनांत विटाळाची भीति कायमची ठाण मांडून बसली. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत घ्यावयाचा नाहीं. मग तें मीठ कां असेना! आपल्याकडे अशा अवस्थेला मंत्रचळ म्हणतात. राज्यें उलथत होतीं, माणसें फांशीं जात होतीं, आणि त्यांपैकीं एकहि गोष्ट या गृहस्थाच्या हातची नव्हती. हातची होती ती एकच, पाण्याची घागर. ज्या भीतीवर उपाय नसतो, तिला मन हाताशीं सांपडेल तो उपाय जोडून देतें.

हें वाचून आजच्या वाचकानें हसण्याची घाई करूं नये. २०२० सालीं साथीच्या भयानें आपण सुशिक्षितांनीं दुधाच्या पिशव्या धुतल्या, भाजी साबणाच्या पाण्यांत बुडविली, वर्तमानपत्र दाराबाहेर ठेवलें. आरंभीं त्यांत शहाणपण होतें. रोगाची वाट कोणासच नीट ठाऊक नव्हती. परंतु तो मुख्यतः हवेवाटे पसरतो हें कळून आल्यावरहि ज्यांच्या घरीं धुणें थांबलें नाहीं, त्यांचें भय रोगाचें राहिलें नव्हतें. तें नानांच्या सोंवळ्याचेंच भावंड होतें.

आतां कन्येकडे पाहावें. १८९५ सालीं पति नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि पदरीं लहान मूल असतां लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसांत मोडला. पुढें कित्येक वर्षें पतीकडे जावें कीं माहेरच्या माणसांत राहावें, हा प्रश्न सुटला नाहीं. वडिलांप्रमाणें त्यांच्याहि पायांखालची जमीन गेली होती. पुढें त्या पतीकडे आल्या तेव्हां प्रथम आपलें सोंवळें संभाळून, चूल निराळी ठेवूनच राहिल्या. परंतु ज्या बाईनें मीठ धुणाऱ्या घरांत बाळपण काढलें, तिनेंच विचार करतां करतां एके दिवशीं जातिभेद मनांतून काढून टाकला आणि कोणाच्याहि हातचें पाणी पिण्याचा निश्चय केला. आमच्या मतें या ग्रंथाचा खरा कळस पतीच्या धर्मांतरांत नसून या पाण्याच्या घोटांत आहे. बापानें भीतीपुढें घर रोज थोडथोडें लहान केलें. मुलीनें तें मोठें केलें.

हें त्यांना कशानें साधलें? ग्रंथाच्या शैलींतच याचें उत्तर आहे. लक्ष्मीबाई शाळेंत गेलेल्या नव्हत्या. मोठाले शब्द त्यांच्यापाशीं नव्हतेच. त्या दुःखाचें वर्णन करीत नाहींत, प्रसंग सांगतात. आणि प्रसंगांत हसण्यासारखें जें असेल तें सोडीत नाहींत. टिळकांचा तापटपणा, त्यांच्या हातीं पैसा न ठरण्याची खोड, स्वतःचें अज्ञान व भित्रेपणा, कशाचीहि गय नाहीं. परंतु पहिला हंसा नेहमीं स्वतःला. स्वतःकडे चार पावलें दूर उभें राहून पाहतां येणें, हीच मनाच्या आरोग्याची पहिली खूण होय.

यावर कोणी म्हणेल कीं, हें हसूं चाळीस वर्षांनंतरचें आहे; दुःख ताजें असतां बाई हसल्या नसतील. आक्षेप खरा आहे. त्या दिवसांत बाईंना हास्यानें तारलें नाहीं. बहिणीच्या घरानें तारलें, मुलाच्या कामानें तारलें. म्हणूनच व्याकुळ माणसाला ‘हसत राहा’ म्हणणें हा शहाणपणा नव्हे, निष्ठुरता आहे. त्याच्याजवळ बसावें, त्याच्या हाताला काम द्यावें. आणि नानांसारखा कोणी मंत्रचळांत सांपडला असेल तर त्याला वैद्याकडे न्यावें. नानांच्या काळीं हा उपाय नव्हता. आज आहे, आणि त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. हसूं मागाहून येतें, व आलें म्हणजे जखम भरल्याचें कळतें.

येवढें एक मात्र या ग्रंथांतून आजच घेतां येईल. अनिश्चित काळ आला म्हणजे प्रत्येक घरांत कोणीतरी घागर उचलतो. ती घागर विटाळाची असेल, बातम्यांची असेल, पैशाच्या हिशेबाची असेल. आपण काय धूत आहों, आणि त्यानें खरोखर कांहीं स्वच्छ होत आहे काय, हें अधूनमधून स्वतःस विचारावें. उत्तर ऐकून थोडें हसूं आलें, तर घर अजून मोठें व्हावयास जागा आहे असें खुशाल समजावें.