बिनआईची घरं

'पारू'तल्या पारूला आई नाही. 'अप्पी आमची कलेक्टर'मधल्या अप्पीला बापूंनी वाढवलं. 'लाखात एक आमचा दादा'मध्ये आई घर सोडून गेलेली, म्हणून चार बहिणींचं सगळं सूर्यादादाच्या अंगावर. 'लागिरं झालं जी'चा अज्या तर आजीच्या आणि मामाच्या घरी मोठा झाला. एखाद्या मालिकेत असं असतं तर कथेची गरज म्हणून सोडून दिलं असतं. पण सातारच्या मातीतल्या म्हणून मिरवणाऱ्या मालिकांमागून मालिकांत गरिबाच्या घरातली आईच गायब होते, तेव्हा लेखकांना या बाईचं काय करावं हेच कळत नाही, असं म्हणायची वेळ येते. 'पारू'त आई आहे, पण ती मालकांच्या, किर्लोस्करांच्या वाड्यात, अहिल्यादेवींच्या रूपात. म्हणजे आई व्हायलाही आता ऐपत लागते.

या सगळ्या पसाऱ्यात मनात राहिली ती अज्याची आजी, जिजी. 2017 ते 2019 या काळात 'लागिरं'नं जे काही कमावलं, त्यात शीतल-अज्याच्या प्रेमाइतकाच जिजी झालेल्या कमल ठोके यांचा वाटा होता. आयुष्य शाळेत शिकवण्यात घालवलेली कराडची ही बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि अभिनय करते आहे असं कधी वाटलंच नाही. तिचं बोलणं सातारचं होतं, शहरी लेखकानं 'गावाकडचं' म्हणून शिंपडलेलं नव्हतं. माया करतानाही आवाज चढायचा, आणि चढलेल्या आवाजातली माया अज्याला कळायची. आमच्याकडं लेकरावर जीव टाकायची रीत हीच. डोळ्यांत पाणी आणून गालावरून हात फिरवणं हे मालिकांनी शिकवलेलं. मामीच्या राज्यात नातवाची बाजू धरताना जिजीनं कधी स्वतःला बिचारी होऊ दिलं नाही. 2020 मध्ये कमलताई गेल्या. ती जागा त्यानंतर कुणाला भरता आलेली नाही. 'देवमाणूस'च्या सरूआजीकडं तो दम होता, रुक्मिणी सुतारांच्या तोंडी म्हणी शोभतही होत्या. पण लेखकांनी तिला म्हणींपुरतीच ठेवली.

आता अरुंधती. 'आई कुठे काय करते' पाच वर्षं चालली, मधुराणी प्रभुलकरांनी अरुंधतीचं काम मन लावून केलं, आणि नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळल्यावर घराबाहेर पडलेली ती बाई पाहून अनेक घरांत बायका पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. हे श्रेय तिचंच. पण मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून आलेली ही गोष्ट पुढं स्वतःच्याच नायिकेला घाबरली. घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, तरी जुन्या सासरच्या 'समृद्धी' बंगल्यातलं प्रत्येक भांडण मिटवायला अरुंधतीच. तिला मोकळं केलं आणि पुन्हा त्याच उंबऱ्याशी आणून बांधलं. 'मुलगी झाली हो'तल्या उमाच्या वाट्याला तर शर्वाणी पिल्लेसारखी अभिनेत्री असून भीती आणि रडणंच आलं. ऐतिहासिक मालिकांतल्या जिजाऊ देव्हाऱ्यात आहेत, त्यांना तिथंच राहू द्या. कट रचणाऱ्या सासवांवर शाई घालवायची नाही.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. मालिकेतल्या आईला काम नसतं. ती ओट्यापाशी उभी असते, पण तिच्या कष्टांवर घर चालतंय असं दिसत नाही. 1953 च्या 'श्यामची आई'त निदान गरिबी घरात नांदत होती.

कष्टांवर घर चालवणारी आई बघायची तर वाई-साताऱ्याच्या हिरव्या पट्ट्यात चित्रीकरण करणाऱ्यांनी एकदा पूर्वेला माण तालुक्यात उतरावं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि दहिवडी-म्हसवडकडं पाचशेलाही महाग. आटपाडी, खानापूर, माणातले पुरुष सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्याला देशभर पांगलेले. मागं शेत, शेरडं, टँकरची वाट आणि पोरांची शाळा बाईच्या गळ्यात. 2019 च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत कित्येक बाया जनावरांजवळ मुक्कामाला होत्या, आणि लेकरं मागं गावात. जनावर जगवायला लेकरापासून लांब राहणारी आई! याहून मोठा पेच कुठल्या लेखकाला हवा? त्याच वर्षी जूनमध्ये 'लागिरं' संपली. डिसेंबरात अरुंधती आली. म्हसवडच्या छावणीतली बाई कुणालाच दिसली नाही.

याच म्हसवडला 1997 मध्ये चेतना सिन्हांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अंगठा उठवणाऱ्या बायकांचा परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारला होता. या बायका अक्षरं गिरवायला बसल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. पोरं निजल्यावर पाटी घेऊन बसलेली आई हा आठवडाभराच्या भागांचा ऐवज आहे. त्यात विष लागत नाही, स्मृतिभ्रंश लागत नाही, हरवलेली जुळी बहीण लागत नाही.

यावर वाहिन्यांचं ठरलेलं उत्तर येतं की असलं लोक बघत नाहीत. हे उत्तर खोटं आहे. जिजी काही देखणी नव्हती, तरुण नव्हती, तिला दागिने नव्हते, तिच्या मागं सूडकथा नव्हती. तिला लोकांनी दोन वर्षं रोज संध्याकाळी घरात घेतलं. मग तिशीतली, ऊन लागून रापलेली, बँकेचा हप्ता आणि शेळीचं वेत दोन्ही ध्यानात ठेवणारी आई लोकांना का चालणार नाही, हे वाहिन्यांनी आधी सांगावं, आणि मगच पुढच्या मालिकेतल्या आईच्या फोटोला हार घालावा.