बाबूराव पेंटर : उरलेली चित्रे आणि हरपलेली झोपडी

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात बाबूराव पेंटर यांची चित्रे पाहावी, या एकाच हेतूने आम्ही वेल्ह्याच्या वाटेवरील आमच्या विंझरहून निघालो व नसरापूरपाशी महामार्गास लागून कोल्हापुरास पोहोचलो.

बाबूरावांची (1890–1954) ख्याती चित्रपटकार म्हणून. परंतु त्यांचा चित्रपट हा त्यांच्या चित्रकलेचाच विस्तार होय. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारा हा कलावंत पुढे आपल्या सहकाऱ्यांसह स्वतःच कॅमेरा घडवितो, 'सैरंध्री' (1920) व 'सिंहगड' (1923) निर्माण करितो, आणि पोशाखांपासून भित्तिपत्रांपर्यंत सर्व गोष्टी आधी कुंचल्याने ठरवितो. तेव्हा ही चित्रे म्हणजे दिग्दर्शकाचा फावल्या वेळचा छंद, असे मानणे आम्हांस मान्य नाही.

तथापि त्या चित्रांसमोर उभे असता एक शंका मनास शिवल्यावाचून राहिली नाही. हात कसलेला आहे, उजेडाची जाण पक्की आहे. परंतु येथे सौंदर्य हेच साध्य झाले आहे. दारिद्र्यास या चौकटींत जागा मिळालेली आम्हांस दिसली नाही.

ती जागा बाबूरावांनी 'सावकारी पाश' (1925) या मूकपटात दिली. कर्जापायी जमीन गमावून शहराच्या गिरणीत राबावयास जाणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणिला. ती भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. त्यातील अंधुक उजेडातील उदास झोपडी व तिच्यापाशी रडणारे कुत्रे यांची आठवण जे. बी. एच. वाडिया यांनी नोंदवून ठेविली आहे. मूकपटातील कुत्र्याचे रडणे प्रेक्षकाच्या कानी कायमचे राहावे, याहून चित्रकाराच्या सामर्थ्याची दुसरी साक्ष कोणती? पोटासाठी पुण्या-मुंबईस गेलेली माणसे ज्या मुलखात घरोघर आहेत, तेथील आम्हांस ती झोपडी परकी वाटत नाही.

दुर्दैव असे की ती झोपडी आता पाहावयास मिळत नाही. त्या काळची नायट्रेटची फीत जशी ज्वालाग्राही, तशीच लवकर कुजणारी. 'मुरलीवाला' (1927) याचे काही अंश पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरले आहेत. 'सावकारी पाश' मात्र गेला.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की, त्यांनी कोल्हापूरची चित्रे अवश्य पाहावी. मात्र केवळ तेवढ्यावरून बाबूरावांची उंची मोजू नये. भिंतीवर उरली आहे ती त्यांची सौंदर्यदृष्टी. शेतकऱ्याच्या दाराशी कॅमेरा नेण्याचे त्यांचे धैर्य फितीबरोबर नाहीसे झाले, आणि आमच्या मते तेच त्यांचे अधिक मोठे देणे होते.