‘अपग्रेड’चा परवाना : पात्र कोण?

वाराणसीतल्या एखाद्या महाविद्यालयाने स्वस्त पडतात म्हणून कार्यप्रणालीविना दहा संगणक घेतले, असे समजा. संस्थेकडे विंडोजचा व्हॉल्यूम परवाना आहे. तेवढ्यावर भागेल, असे तुम्हांला वाटेल. पण भागत नाही. डेस्कटॉप विंडोजचा व्हॉल्यूम परवाना मुळात अपग्रेडचाच असतो. त्याखाली प्रत्येक यंत्रासाठी आधीची पात्र कार्यप्रणाली, बहुधा संगणकासोबतच घेतलेली, असावी लागते. ती नसतानाही विंडोज बसू शकते, चालू शकते. उणीव कळते ती परवान्यांची तपासणी होते तेव्हा.

विंडोज ११ बाबत नेमके उलटे घडते. विंडोज १० रीतसर असेल, तर अपग्रेड मोफत आहे; पण टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर नसेल, तर संगणकच अपात्र ठरतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हा अशी चालती यंत्रे अडचणीत आली.

म्हणजे ‘पात्रता’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो : वापरणाऱ्याचा हक्क आणि यंत्राची क्षमता. आक्षेप इथेच आहे. यंत्राची अपात्रता पडद्यावर स्पष्ट दिसते, हक्काची मात्र कराराच्या कलमांत राहते आणि तिचा भुर्दंड ग्राहकावर पडतो. म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा, आणि मूळ कार्यप्रणालीचे बिल जपून ठेवा. ‘इन्स्टॉल झाले’ हा परवान्याचा पुरावा नव्हे.