सत्तावन्न आयरिश मजूर आणि एक दाढ : डफीज कट संशोधनाची चिकित्सा

आपल्या मंडळाकडे येणाऱ्या चौकशांमध्ये रेल्वेत नोकरीला असलेल्या पूर्वजांविषयीच्या चौकशा बऱ्याच असतात. गार्ड, ड्रायव्हर, स्टेशनमास्तर यांचे काही ना काही कागद सापडतात. पण रूळ टाकण्याआधी डोंगर फोडणारा आणि भराव घालणारा जो मजूर, त्याचा माग लागतो का? हा प्रश्न मनात ठेवून मी अमेरिकेतल्या ‘डफीज कट’ प्रकरणावरची दोन पुस्तकं वाचली. विल्यम वॉटसन, फ्रान्सिस वॉटसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं ‘द घोस्ट्स ऑफ डफीज कट’ हे २००६ चं, आणि वॉटसन बंधूंचं ‘मॅसकर अ‍ॅट डफीज कट’ हे २०१८ चं. एका निनावी आयरिश रेल्वे मजुराला नाव, गाव आणि घराणं परत मिळवून देण्याचा असा प्रयत्न क्वचितच झाला असेल. म्हणूनच त्यातली प्रत्येक कडी ओढून बघायला हवी, असं मला वाटतं.

आधी हकीकत. १८३२ साली पेनसिल्व्हेनिया राज्य फिलाडेल्फिया ते कोलंबिया असा लोहमार्ग बांधत होतं. आजच्या माल्व्हर्न गावाजवळ एकोणसाठाव्या मैलाचं काम फिलिप डफी नावाच्या कंत्राटदाराकडे होतं. हा डफी स्वतः आयरिश. टेकडी कापायची आणि त्याच मातीने शेजारची दरी भरायची, असं ते जिकिरीचं काम. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या आयरिश पोरांना त्याने कामावर घेतलं. त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. बंगालमधून निघालेली ही साथ रशिया आणि युरोप ओलांडून अमेरिकेपर्यंत पोचली होती. काही आठवड्यांत ते मजूर मेले आणि भरावाच्या आसपासच पुरले गेले. सिस्टर्स ऑफ चॅरिटीच्या जोगिणी आणि एक लोहार एवढेच त्यांच्या शुश्रूषेला आले, असं सांगतात.

हे आज आपल्याला कळतं ते एका फायलीमुळे. मार्टिन क्लेमेंट हा पुढे पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा अध्यक्ष झाला. १९०९ च्या सुमारास तो त्या भागात अधिकारी असताना त्याने या प्रकरणाचे कागद जमवले. क्लेमेंटच्या पदरी वॉटसन बंधूंचे आजोबा कामाला होते. कंपनी बुडाल्यावर ती फाइल आजोबांकडे राहिली आणि पुढे नातवांच्या हाती आली. कौटुंबिक कागद जपण्याचं महत्त्व आपण नेहमी सांगतो, त्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. २००४ साली राज्याने त्या जागी माहितीफलक लावला, त्याच सुमारास उत्खनन सुरू झालं आणि मार्च २००९ मध्ये पहिली मानवी हाडं हाती आली. पुढे सात जणांचे अवशेष मिळाले, सहा पुरुष आणि एक बाई. उरलेले बहुसंख्य मजूर आजही गाड्या धावतात त्या रुळांना इतके लगटून आहेत की तिथे खणणं थांबवावं लागलं.

आता चिकित्सेकडे वळतो. पहिला मुद्दा आकड्याचा. त्या वेळच्या स्थानिक वर्तमानपत्राने मृतांची संख्या आठ-नऊ दिली. रेल्वेच्या फायलीत ती सत्तावन्न आहे. लेखकांचं म्हणणं असं की कंपनीने खरा आकडा दाबला. ते शक्य आहे, कारण मजूर मेले ही बातमी पसरली तर नवे मजूर मिळत नाहीत. पण फाइल जमवली गेली ती घटनेनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. तिच्यातल्या जुन्या कागदांचं वजन वेगळं आणि १९०९ मध्ये म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या आठवणींचं वेगळं. पुस्तकांत ही दोन्ही सामग्री एकाच सुरात येते. पहिल्या पुस्तकाच्या नावातली भुतंसुद्धा अशाच आठवणीतून आलेली आहेत.

दुसरा मुद्दा नावांचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. डफीचं मस्टर उपलब्ध नाही. मग नावं आली कुठून? तर जहाजाच्या यादीतून. १८१९ च्या अमेरिकी कायद्याने प्रत्येक कप्तानाला उतारूंचं नाव, वय, धंदा आणि देश लिहून द्यावा लागे. हा कायदा वंशावळ्यांसाठी केलेला नव्हता. बोटीत माणसं कोंबली जाऊ नयेत म्हणून तो होता. पण त्यामुळेच ‘जॉन स्टँप’ या जहाजाची यादी आपल्याला वाचता येते. १८३२ च्या वसंतात ते डेरीहून निघालं आणि जूनमध्ये फिलाडेल्फियाला लागलं. डोनेगल, टायरोन आणि डेरी या भागांतले मजूर त्यात होते. तारखा जुळतात, धंदा जुळतो, म्हणून लेखक म्हणतात की डफीने इथूनच माणसं उचलली. तर्क चांगला आहे, पण तो तर्क आहे. त्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला आयरिश मजूर घेऊन येणारं ते काही एकच जहाज नव्हतं.

तिसरा मुद्दा दाढेचा. सापडलेल्या एका सांगाड्याला वरच्या जबड्यातली उजवीकडची पहिली दाढ जन्मतःच नव्हती. हे लक्षण अत्यंत विरळा. हाडांवरून तो तरुण होता हे कळलं. जहाजाच्या यादीत जॉन रडी नावाचा अठरा वर्षांचा मजूर आहे. बातम्या आयर्लंडमध्ये पोचल्यावर डोनेगलच्या काही रडी कुटुंबीयांनी कळवलं की आमच्या घरातही ही दाढ येत नाही. मार्च २०१३ मध्ये डोनेगलमधल्या आर्डारा इथे जॉन रडी म्हणून त्या अवशेषांचं दफन झालं. २०१५ मध्ये एकोणतीस वर्षांच्या कॅथरिन बर्न्स या विधवेला तिच्या टायरोनमध्ये क्लोनो इथे मूठमाती मिळाली.

दाढेचा पुरावा सांगतो एवढंच की हा सांगाडा त्या लक्षणाच्या एखाद्या घराण्यातला असू शकतो. हे लक्षण घराण्याचं असतं, एका माणसाचं नसतं. एकशे ऐंशी वर्षांत तेच आडनाव आणि तेच रक्त एकत्र राहिलं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. शिवाय चौकशी कोणाकडे झाली हेही बघायला हवं. रडी हे नाव आधी यादीतून निवडलं गेलं आणि दाढेची विचारपूस मग रडी कुटुंबांत झाली. यादीतल्या इतर मजुरांच्या घराण्यांत तेवढ्याच बारकाईने विचारलं असतं, तर ही जुळणी किती वजनाची ते कळलं असतं.

मधली दीडशे-दोनशे वर्षं कागदाने का जोडता येत नाहीत, हे आपल्या वाचकांनी समजून घ्यावं. आयर्लंडमध्ये सर्व धर्मीयांची जन्म-मृत्यू नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत जळाले. त्यानंतरच्या काही जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट केले, त्यामुळे सलग मिळते ती १९०१ ची आणि १९११ ची. १८३२ च्या मजुरासाठी उरतात दशांश कराच्या नोंदी आणि नंतरचं ग्रिफिथचं मूल्यमापन. आपल्या सातबाऱ्यासारखंच, त्यात नाव येतं ते जमीन कसणाऱ्याचं. अठरा वर्षांच्या पोराचं येत नाही. अमेरिकेत १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. म्हणजे जूनमध्ये उतरून ऑगस्टमध्ये मेलेला मुलगा दोन्ही देशांच्या दप्तरांतून निसटतो. त्याच्या आयुष्यात त्याचं नाव कागदावर आलं असेल, तर बहुधा त्या कप्तानाच्या यादीतच.

चौथा मुद्दा खुनाचा. तज्ज्ञांना काही कवट्यांवर आघाताच्या खुणा दिसल्या, एका कवटीत गोळी लागल्यासारखी खूणही आढळली. हा पुरावा गंभीर आहे आणि तो उजेडात आणल्याबद्दल लेखकांचं ऋण मान्य करायलाच हवं. साथीला घाबरलेल्या आणि आयरिश कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या स्थानिक लोकांनी पळू पाहणाऱ्यांना मारलं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याला ते जोड देतात ती अशी : पटकीत साधारण निम्मी माणसं वाचतात, मग इथे सगळेच कसे मेले? पण ‘सगळेच मेले’ हे तरी कशावरून? कामावर एकूण किती होते याचं मस्टर नाही, सत्तावन्न हा आकडा फायलीतला. पळून गेलेला, वाचलेला, दुसऱ्या कामावर लागलेला मजूर या हिशेबात येतच नाही. सातांपैकी काहींवर हिंसा झाली, एवढं हाडं सांगतात. उरलेल्या पन्नासांबद्दल ती काही सांगत नाहीत. पहिल्या पुस्तकाच्या नावात भुतं होती, दुसऱ्याच्या नावात हत्याकांड आलं. पुराव्यात खरी भर पडली हे मान्य, पण नाव पुराव्याच्या पुढे धावलं.

कोणी म्हणेल, एवढं कशाला ताणायचं? बिचाऱ्याला दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी माती मिळाली, पुरे झालं की. मला ते दफन योग्यच वाटतं. पण नाव देणं ही साधी गोष्ट नाही. समजा, तो सांगाडा रडीचा नसेल. मग आर्डाराला दुसऱ्याच कोणाचा तरी मुलगा झोपला आहे आणि त्याचे लोक त्याला कधी शोधणार नाहीत. आणि खरा जॉन रडी? तो कदाचित त्या साथीतून वाचला, पुढे गेला, त्याला मुलंबाळं झाली. आज त्याचा पणतू-खापरपणतू कागद शोधायला बसला तर त्याला उत्तर मिळेल की हा माणूस अठराव्या वर्षी मेला. चुकीचं नाव एका वेळी दोन घराण्यांचा माग पुसतं. ‘बहुधा जॉन रडी’ असं लिहिलं असतं तर दफनाचा मान यत्किंचितही कमी झाला नसता.

आपल्याकडचा घाट आठवल्याशिवाय हे वाचून होत नाही. बोरघाटाचं काम १८५६ ते १८६३ चाललं, १८६१ च्या सुमारास तिथे चाळीस हजारांवर माणसं राबत होती. पटकीने तिथेही थैमान घातलं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरं करवलं, हे नावानिशी सांगता येतं. त्याच घाटात मेलेल्या मजुरांची नावं सांगता येत नाहीत. पुढे १८८० च्या दशकात आपल्या कॅसल रॉकचा ब्रगांझा घाट फोडणाऱ्यांचीही तीच गत. मजूर पायी आले, टोळीने आले, मजुरी मुकादमाच्या हातून घेतली. त्यांची नावं लिहून घ्यायला कुठला कप्तान नव्हता आणि तसा कायदाही नव्हता. डेरीचा गरीब मुलगा निदान समुद्र ओलांडल्यामुळे कागदावर आला.

म्हणून ही पुस्तकं आपल्या सभासदांनी जरूर वाचावीत. चिकाटी कशी असते ते त्यातून शिकावं आणि हातात पेन्सिल ठेवून वाचावं. मंडळाकडे घराण्याची माहिती पाठवताना प्रत्येक वाक्यासमोर तीनपैकी एक शब्द लिहावा, अशी माझी सूचना आहे : ‘कागद’, ‘आठवण’ किंवा ‘तर्क’. आजीने सांगितलेलं आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही, आणि छापून आलं म्हणून पक्कंही होत नाही. डफीज कटच्या पुस्तकांत हे तीन शब्द वेगळे ठेवले असते, तर पुढच्या संशोधकाला कुठून सुरुवात करायची ते लगेच कळलं असतं. तिथले पन्नास जण अजून रुळांखाली आहेत. काम संपलेलं नाही.