पाठिंब्याचं कारण: २००८ च्या जानेवारीतले तीन मजकूर



आज आपण तीन छोटे मजकूर वाचणार आहोत. तिन्ही अमेरिकेतले, तिन्ही २००८ च्या जानेवारी महिन्यातले आणि तिन्ही स्त्रियांनी लिहिलेले. पहिला ग्लोरिया स्टायनम यांचा, ८ जानेवारीला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आलेला लेख. दुसरा त्याच वर्तमानपत्रातला कॅरोलाइन केनेडी यांचा, २७ जानेवारीचा. तिसरं टोनी मॉरिसन यांनी बराक ओबामांना लिहिलेलं पत्र, ते २८ जानेवारीला जाहीर झालं. स्टायनम यांचा पाठिंबा हिलरी क्लिंटन यांना, बाकी दोघींचा ओबामांना.

निकाल तर सगळ्यांना ठाऊक आहे. मग आता हे कशाला वाचायचं? कथा-कवितेची समीक्षा आपण करतो, पण प्रचाराचा मजकूर निवडणूक झाली की रद्दीत जातो. त्यातला युक्तिवाद खरा होता की नुसताच उपयोगी होता, हे तपासायला कोणी थांबत नाही. आणि आम्हाला एक जुना हिशेबही चुकता करायचा आहे, त्याकडे शेवटी येऊ.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते थोडक्यात बघू. आपल्याकडे उमेदवाराला पक्ष ‘तिकीट’ देतो, आणि ते बहुधा बंद दाराआड ठरतं. अमेरिकेत पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे राज्याराज्यांतले मतदार ठरवतात. कुठे प्रायमरीचं मतदान होतं, कुठे कॉकस नावाच्या सभा भरतात. त्यातून प्रतिनिधी निवडले जातात आणि ज्याच्याकडे बहुमत जातं तो उमेदवार. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची ही लढत ३ जानेवारीला आयोवात सुरू झाली आणि ३ जूनपर्यंत चालली. पाच महिने. आयोवात ओबामा जिंकले, क्लिंटन तिसऱ्या आल्या. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये क्लिंटन जिंकल्या. पुढे सगळं असंच, इंच इंच.

आता गंमत बघा. समोरासमोरच्या पक्षांत निवड करायची तर कारणं ढीगभर सापडतात. पण एकाच पक्षातले दोघं, धोरणं नव्वद टक्के सारखी, तेव्हा कारण द्यायचं कुठून? खरे फरक दोनच ठळक होते. एक इराक युद्धाचा. २००२ च्या ऑक्टोबरात क्लिंटन यांनी सिनेटमध्ये युद्धाला अधिकार देणाऱ्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं होतं. त्याच महिन्यात ओबामा शिकागोच्या एका सभेत युद्धाविरुद्ध बोलले होते, तेव्हा ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात होते. दुसरा फरक आरोग्यविम्याचा. विमा सर्वांना सक्तीचा हवा असं क्लिंटन म्हणत होत्या, ओबामा म्हणत होते की सक्ती फक्त मुलांपुरती. त्यावरून केवढं रान उठलं! आणि २०१० चा कायदा झाला तेव्हा त्यात सर्वांसाठीच सक्ती होती, खाली सही ओबामांची. धोरणाच्या कारणांचं आयुष्य किती असतं, ते यावरून दिसतं.

म्हणून अशा लढतीत पाठिंब्याची कारणं धोरणापलीकडे जातात. ती व्यक्तीकडे, ओळखीकडे, आशेकडे वळतात. हे वाईटच आहे असं आम्ही म्हणत नाही. पण अशी कारणं तपासायची कशी, हा प्रश्न उरतो.

इथे आपल्या न्यायशास्त्राची मदत घेऊ. नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य काय ते कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त पाडायची, ती वितंडा. ‘वितंडवाद’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ हा असा नेमका आहे. दुसरी गोष्ट शब्दप्रमाणाची. जाहीर पाठिंबा म्हणजे शेवटी काय? ‘मी सांगते म्हणून विश्वास ठेवा.’ हे आप्तवचन झालं. पण आप्त कोण? ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो. नुसतं नाव मोठं असून भागत नाही. तेव्हा या तिघींना आपण विचारायचं: बाई, तुम्हाला प्रत्यक्ष ठाऊक असलेलं काय आहे?

स्टायनम यांच्यापासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या स्त्रीवादी चळवळीतलं हे मोठं नाव. त्यांचा लेख न्यू हॅम्पशायरच्या मतदानाच्या दिवशीच आला. त्या वाचकाला एक कल्पना करायला सांगतात. ओबामांचं सगळं चरित्र जसंच्या तसं घ्या, वडील आफ्रिकेतले, आई गोरी, वकिली, सामाजिक काम, राज्याच्या विधिमंडळात आठ वर्षं. फक्त ती व्यक्ती स्त्री आहे असं समजा. तिला कोणी अध्यक्षपदाची गंभीर उमेदवार मानलं असतं का? त्यांचं उत्तर: नाही. म्हणून अमेरिकेत सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट बहुधा स्त्रीत्व ही आहे.

प्रयोग वरवर पक्का वाटतो. पण नीट बघा. त्यात वंश तोच ठेवलाय, लिंग बदललंय. त्यातून सिद्ध काय होतं? कृष्णवर्णीय स्त्री कृष्णवर्णीय पुरुषाच्या मागे राहते, एवढंच. गोरी स्त्री कृष्णवर्णीय पुरुषाच्या मागे राहते, हे त्यातून निघत नाही. आणि लेखातला पाठिंबा तर एका गोऱ्या स्त्रीला आहे! ती कल्पनेतली कृष्णवर्णीय स्त्री लेखाच्या सुरुवातीला येते, साक्ष देते आणि निघून जाते. तिच्या साक्षीचा लाभ दुसरीच घेते. मेलिसा हॅरिस-लेसवेल या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेनं त्याच महिन्यात एका जाहीर चर्चेत स्टायनम यांच्या समोर बसून आक्षेप घेतला तो या अंगानंच: आम्हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा अनुभव तुम्ही तुमच्या सोयीनं वापरता.

लेखातला दुसरा मुद्दा इतिहासाचा. कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार स्त्रियांच्या अर्धशतक आधी मिळाला, असं त्या म्हणतात. कागदावर बरोबर. पंधरावी घटनादुरुस्ती १८७० ची, एकोणिसावी १९२० ची. पण दक्षिणेत मतपट्टी कर, साक्षरतेच्या परीक्षा आणि उघड दहशत यांनी तो हक्क १९६५ च्या कायद्यापर्यंत जवळजवळ पुसून टाकला होता. आणि १९२० नंतरही दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना मतदान करता आलं नाही. अर्धं वाक्य खरं असलं की ते खोट्यापेक्षा जास्त फसवतं.

हा वाद नवा नव्हताच. १८६९ मध्ये, पंधराव्या दुरुस्तीवरून, समान हक्कांसाठी एकत्र लढणाऱ्या मंडळींची संघटना फुटली. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी म्हणत होत्या, स्त्रियांना वगळणारी दुरुस्ती आम्हाला मान्य नाही. फ्रेडरिक डग्लस म्हणत होते, आमची माणसं मारली जाताहेत, हा हक्क आत्ता हवा. फ्रान्सिस हार्पर ही कृष्णवर्णीय कवयित्री डग्लस यांच्या बाजूनं उभी राहिली. स्त्री-मताधिकाराच्या दोन वेगळ्या संघटना झाल्या आणि त्या एकत्र यायला १८९० साल उजाडलं. ‘आधी कोण’ या प्रश्नाची किंमत एकवीस वर्षं. ‘आधी सामाजिक की आधी राजकीय’ हा वाद पचवलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक धागा आपल्यापर्यंत येतो. वंशभेद आणि लिंगभेद यांना स्टायनम ‘जातिव्यवस्था’ म्हणतात, आणि दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, उपटल्या तर एकत्रच उपटल्या जातील, असंही म्हणतात. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा त्यांनाही हेच नातं दिसलं होतं. म्हणजे स्टायनम यांचं तत्त्व बरोबर आहे. त्यांच्याच लेखातला प्रयोग त्या तत्त्वाच्या विरुद्ध जातो, ही अडचण आहे. तत्त्व वादाचं, प्रयोग जल्पाचा.

कॅरोलाइन केनेडी यांचा लेख पटकन बघू, कारण त्यात युक्तिवाद थोडा आहे. ओबामा आपल्या वडिलांसारखे, जॉन केनेडींसारखे अध्यक्ष होतील, हा त्याचा गाभा. आप्ताची कसोटी लावा. केनेडींचा खून झाला तेव्हा ही मुलगी सहा वर्षांचीही नव्हती. अध्यक्ष म्हणून वडील कसे होते, याचं प्रत्यक्ष ज्ञान तिला कुठून असणार? पण बाई प्रामाणिक आहेत. वडिलांनी लोकांना कशी प्रेरणा दिली हे लोक आपल्याला सांगतात, आपल्याला स्वतःला तशी प्रेरणा देणारा अध्यक्ष कधी मिळाला नाही, असं त्या लिहितात. ओबामांकडे लक्ष आपल्या मुलांमुळे गेलं, हेही कबूल करतात. म्हणजे आधीच्या पिढीची आठवण आणि पुढच्या पिढीचा उत्साह, दोन्ही ऐकीव. आडनावाचं वजन मोठं, पुरावा हलका. तरी एक गोष्ट नोंदवू: या लेखाचा सूर क्लिंटन यांना कमी लेखण्याचा नाही. वितंडा त्यात नाही.

आता मॉरिसन. नोबेल मिळालेली कादंबरीकार. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा आपण प्रथमच देत आहोत, असं त्या सांगतात. आणि मग आधी वाट मोकळी करतात. क्लिंटन यांच्याबद्दल आपल्याला अनेक वर्षं आदर आहे, पण त्याचं कारण त्यांचं स्त्री असणं हे नाही. ओबामांचा वंश हेही पाठिंब्याचं कारण नाही; तेवढंच असतं तर पाठिंबा दिला नसता. या बाईंनीच १९९८ मध्ये बिल क्लिंटन यांना पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हटलं होतं, आणि ते वाक्य दहा वर्षं जो तो वापरत होता, हे लक्षात घ्या म्हणजे त्या नकाराचं वजन कळेल.

मग कारण काय? शहाणपण. कल्पकता आणि बुद्धी यांच्या संयोगातून येणारं. ते वयानं, पिकल्या केसांनी येत नाही आणि वर्गात शिकवता येत नाही, असं त्या म्हणतात. जन्म वर्गात घालवलेल्या, केस पिकलेल्या आमच्यासारख्याला हे झोंबतं, पण नाकारता येत नाही. मॉरिसन यांच्याकडे प्रत्यक्ष ज्ञान आहे का? कल्पकता ओळखण्याचा अधिकार कादंबरीकाराला नाही तर कोणाला? तेवढ्यापुरत्या त्या आप्त आहेत. पण कल्पक माणूस राज्य नीट चालवील, हा पुढचा टप्पा त्यांच्या अधिकाराबाहेरचा आहे. शिवाय शहाणपणाबद्दल वाद घालता येत नाही. तुम्हाला दिसलं, मला नाही दिसलं, संपलं. तिघींत सर्वांत स्वच्छ मजकूर हाच, आणि खोडायला सर्वांत अवघडही हाच. युक्तिवादाच्या बाबतीत ही काही निव्वळ स्तुती नव्हे.

आता तो आमचा हिशेब.

त्या जानेवारीत आम्ही दोघं न्यू जर्सीला लेकीकडे होतो. मतदान ५ फेब्रुवारीला होतं. दारासमोर बर्फात दोन पाट्या रोवलेल्या, लेकीची क्लिंटन यांची, जावयांची ओबामांची. स्टायनम यांचा लेख फ्रिजवर चुंबकानं लावलेला. आम्हाला मत नव्हतं, पण प्राध्यापकाला मत नसलं म्हणून तो गप्प बसतो थोडाच! एका संध्याकाळी आम्ही तो प्रयोग कसा सदोष आहे ते टेबलावर समजावून सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. आणि वर म्हणालो, ‘मत देताना बाई काय, पुरुष काय? गुण बघावेत.’

लेक पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, आमच्या ऑफिसातही सगळे गुणच बघतात. मी काम शिकवलेले दोघं आज माझे वरिष्ठ आहेत.’

पुढे दोन दिवस ती आमच्याशी कामापुरतं बोलली.

आमचा तर्क चुकला नव्हता. पण लेखाचा शेवट आम्ही वाचलाच नव्हता, म्हणजे डोळ्यांखालून घातला होता, वाचला नव्हता. शेवटी स्टायनम म्हणतात की स्त्रियांना असं म्हणता आलं पाहिजे: मी हिला पाठिंबा देते, कारण ही उत्तम अध्यक्ष होईल आणि कारण ही स्त्री आहे. त्यातला ‘आणि’ आमच्या नजरेतून निसटला. ओळख हे एकमेव कारण असेल तर ते कारणच नव्हे, इथे मॉरिसन बरोबर. पण ज्या दारावर ‘गुण बघून प्रवेश’ अशी पाटी आहे आणि आत सगळे एकाच प्रकारचे बसलेत, तिथे ओळख हा गुणांइतकाच पुरावा असतो. ते दार आतापर्यंत कसं चाललं, याचा पुरावा. हे प्रत्यक्ष ज्ञान लेकीकडे होतं, आमच्याकडे नव्हतं. त्या टेबलावर आप्त ती होती. आणि आम्ही तिच्या कारणाचा दोष दाखवत होतो, स्वतःची बाजू मात्र मांडतच नव्हतो. त्याला काय म्हणतात ते मघाशी सांगितलंच.

शेवटची गोष्ट. ७ जूनला क्लिंटन यांनी माघार जाहीर केली. त्यांना मत देणाऱ्या सुमारे १ कोटी ८० लाखांतले बरेच जण संतापलेले होते, काही तर ओबामांना मत देणार नाही म्हणत होते. २६ ऑगस्टला डेन्व्हरच्या अधिवेशनात क्लिंटन यांनी आपल्याच समर्थकांना विचारलं: तुम्ही या मोहिमेत फक्त माझ्यासाठी होता, की प्रचारात भेटलेल्या त्या सैनिकासाठी, त्या आजारी आईसाठी? दुसऱ्या दिवशी, मोजणी मध्येच थांबवून ओबामांची निवड आवाजी मतानं करावी, असा प्रस्ताव त्यांनी स्वतः मांडला.

आमच्या मते त्या वर्षातलं पाठिंब्यावरचं सर्वांत चांगलं भाष्य म्हणजे हा प्रश्न, आणि तो हरलेल्या उमेदवाराकडून आला. आजच्या तिन्ही मजकुरांना तो लावून बघा. ओबामा उमेदवार झाले तर मी त्यांच्यासाठी काम करीन, असं स्टायनम यांनी जानेवारीतच लिहून ठेवलं होतं. प्रयोग फसलेला असला तरी या कसोटीला त्या पूर्ण उतरतात. ते वाक्यही आम्ही त्या संध्याकाळी टेबलावर वाचून दाखवलं नव्हतं.

डेन्व्हरच्या त्या भाषणानंतर आठवड्याभरात गणपती आले. आम्ही तोवर पुण्याला परतलो होतो. फोनवर लेक म्हणाली, दरवर्षी आरतीला येणारं एक कुटुंब या वर्षी आलं नाही. ते ओबामांच्या बाजूचे. वसंतात काहीतरी बोलणं झालं होतं. नोव्हेंबरात दोन्ही घरांनी एकाच उमेदवाराला मत दिलं. जाणं-येणं सुरू व्हायला मात्र आणखी दोन वर्षं लागली.

आता प्रश्न घेऊ.