पिंपरी-चिंचवड व चाकण येथील दुकानांच्या पाट्या : अक्षरवळण व कालनिर्णय

वळणावरून लेखाचा काळ ठरविण्याची पद्धति आमच्या वाचकांस नवी नाहीं. तीच पद्धति पिंपरी, चिंचवड व चाकण या टापूंतील दुकानांच्या पाट्यांस लावावी, अशी आमची सूचना आहे. चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिरांतील शिलालेख अभ्यासक आदरानें वाचतात. त्याच गांवच्या बाजारांतील रंगविलेली पाटी मात्र लेख म्हणून कोणी वाचीत नाहीं.

पाटीवर 'स्थापना' या शब्दापुढें असलेलें वर्ष दुकानाचें होय, पाटीचें नव्हे. मूळ सनदेची मिति नकलेंतही उतरते, म्हणून नक्कल अस्सल ठरत नाहीं. अंतर्गत पुरावा अधिक भरंवशाचा. पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाले. तेव्हां पिंपरीचा ४११०१८ हा क्रमांक मूळ लेखांतच असल्यास पाटी त्यापूर्वींची असणें शक्य नाहीं. तो मागाहून घातला आहे काय, हें रंगाच्या थरावरून आधीं पाहावें.

पाटी हातची कीं यंत्राची, हें एकाच अक्षराचीं दोन रूपें ताडून कळतें. कुंचल्यानें काढलेले दोन 'र' तंतोतंत जुळत नाहींत. फ्लेक्सवरील बहुधा जुळतात. रंगाऱ्याच्या वळणाची नक्कल करणारे फाँटही या कसोटीस सहसा उतरत नाहींत.

पाकळीचा 'ल' व देठाचा 'श' हीं मराठी वळणें असून ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयानें तींच प्रमाण मानिलीं. दंडाचा 'ल' दिसतांच मालक उत्तरेकडील, असें अनुमान कित्येक करतात. आमचे मतें तें टिकत नाहीं. युनिकोडांत दोन्ही वळणांस संकेतांक एकच. रूप ठरवितो तो फाँट, आणि विंडोजबरोबर आलेल्या मंगल फाँटांत उत्तरी रूपें आहेत. म्हणजे हा पुरावा साधनाचा, मातृभाषेचा नव्हे. बोरू कीं टाक, एवढ्यावरून लेखकाचें कूळ कोणी काढीत नाहीं. खाणावळीच्या पाटीवर 'भाकऱ्या' ऐवजीं 'भाकर्या' दिसल्यास तेथेंही दोष लिहिणाऱ्याचा कीं यंत्राचा, हें प्रथम ठरविलें पाहिजे.

२०२२ च्या कायदेदुरुस्तीनें पाटीवरील मराठी अक्षरें इतर लिपीहून लहान नसावीं असें ठरलें. २५ सप्टेंबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या व्यापाऱ्यांस त्यासाठीं दोन महिने दिले. हेतु स्तुत्य आहे. परंतु हा नियम अक्षराचा आकार पाहतो, वळण पाहत नाहीं. नवी पाटी चढली कीं जुना पत्रा भंगारांत जातो.

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. त्यानंतर वाढलेल्या बाजारपेठांचें दप्तर संशोधकांच्या हातीं क्वचितच येईल. पाट्या हेंच त्यांचें दप्तर. संग्राहकांनीं छायाचित्र, स्थळ, मापें, पत्रा कीं फ्लेक्स, आणि कोपऱ्यांत रंगाऱ्याची सही असल्यास ती, इतकें टिपून ठेवावें. सहीच्या पाट्या प्रथम नोंदाव्या. त्यांवरून एकेका हाताचें वळण निश्चित होऊन बिनसहीच्या पाट्यांचा निर्णय करतां येईल.